मुलीला तिथे काम करता येईल का?

मास्तरकी संपून आता बरीच वर्षं झाली, पण एक जोडधंदा मात्र सुटला नाही. लग्नं जुळवण्याचा. खेड्यातल्या शिक्षकाला दोन्हीकडची माणसं ठाऊक असतात, मुलगा वर्गात असताना कसा होता हेही ठाऊक असतं, त्यामुळे लोक येतात आणि विचारतात, "सर, हे स्थळ कसं आहे?" आजवर पंधरा-वीस तरी लग्नं माझ्या शब्दावर झाली असतील. बहुतेक नीट चालली आहेत. आज ज्या लग्नाबद्दल लिहितोय तेही नीटच चाललं आहे. तरी त्यातल्या माझ्या एका वाक्याची टोचणी अजून गेलेली नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझी भाची गणितात एम.एस्सी., वर बी.एड. सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत २००६ साली शिक्षणसेवक म्हणून लागली. ज्यांना हा प्रकार माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. शिक्षणसेवक म्हणजे तीन वर्षं तुटपुंज्या मानधनावर पूर्ण वेळ शिकवायचं, मग कायम व्हायचं. ती तीन वर्षं तिने काढली, २००९ ला कायम झाली, आणि पुढच्याच वर्षी मी स्थळ आणलं. मुलगा न्यू जर्सीत, सॉफ्टवेअरमध्ये, निर्व्यसनी, माझ्या मित्राचा पुतण्या. नावं ठेवायला जागा नव्हती. डिसेंबर २०१० ला लग्न झालं. राजीनामा लिहायला बसली तेव्हा ती जरा घुटमळली होती. म्हणाली, "मामा, बिनपगारी रजा टाकून बघू का?" मी म्हणालो, "अगं, नोकरीचं काय घेऊन बसलीस! गणिताच्या शिक्षकाला जगात कुठेही नोकरी मिळते."

तेच ते वाक्य.

मुलाचा पगार मी विचारला होता. पत्रिका बघितली होती, घर स्वतःचं की भाड्याचं हेही विचारलं होतं. त्याचा व्हिसा कुठला आणि त्याच्या बायकोला कुठला मिळेल, हे विचारायचं मला सुचलंच नाही. व्हिसा म्हणजे व्हिसा, एवढीच माझी अक्कल.

तो होता एच-१बी वर. त्याच्या बायकोला मिळतो एच-४. आणि त्या काळी एच-४ वर अमेरिकेत गेलेल्या माणसाला पगाराचं कोणतंही काम करायची परवानगी नव्हती. नोकरी नाही, स्वतःचा धंदा नाही, घरबसल्या शिकवण्या नाहीत. शिकता यायचं, पण फी भरून. फुकट सेवा करता यायची. पण जिथे एरवी पगारी माणूस ठेवतात तिथे फुकट राबणंही नियमात बसत नाही, असं तिला एका वकिलाने सांगितलं.

हे मला नीट कळलं २०१३ साली. भाचीच्या बाळंतपणाला तिची आई, म्हणजे माझी ताई, निघाली. तिला एकटीला विमानप्रवासाची धास्ती, म्हणून सोबत मी. सहा आठवडे राहिलो. एडिसन म्हणजे तर आपलाच गाव वाटावा. ओक ट्री रोडला गेलं की कढीपत्त्यापासून पैठणीपर्यंत सगळं मिळतं. त्यांच्या इमारतींच्या मधे एक हिरवळीचा तुकडा होता, दोन बाकं होती. सकाळी दहाच्या सुमाराला तिथे बायका बाबागाड्या घेऊन जमत. मी पेपर घेऊन (पेपर कसला, जावयाने छापून दिलेले कागद) पलीकडच्या बाकावर बसायचो. हळूहळू ओळखी झाल्या. एक पुण्याची दंतवैद्य. एक सी.ए. एक हैदराबादची, तिने तिकडे सात वर्षं कंपनीत प्रोग्रॅमर म्हणून काम केलं होतं, नवऱ्यापेक्षा एक वर्ष जास्त. एक वकील. आमची गणिताची बाई. त्या बाकांवर जिल्ह्याच्या गावाचा अर्धा बाजार उभा राहील एवढी विद्या, आणि चर्चा कसली, तर कोणत्या दुकानात डायपर स्वस्त आहेत.

कोणी म्हणेल, लेकरं सांभाळणं हे काय काम नाही? आहे ना. माझ्या आईने आयुष्यभर तेच केलं. पण घरी राहायचं ठरवणं वेगळं आणि घरी राहायची सक्ती वेगळी. ज्या बाईला घरीच राहायचं असतं ती बाकावर अशी बसत नाही.

भाचीला सोशल सिक्युरिटी नंबर नव्हता. तो काम करणाऱ्याला मिळतो. तो नाही म्हटल्यावर विजेचं बिल, फोन, क्रेडिट कार्ड, सगळं नवऱ्याच्या नावावर. तिचं कार्ड त्याच्या कार्डाची उपशाखा. एके दिवशी ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "मामा, मला काहीही घ्यायचं असलं तर याला सांगावं लागतं. आणि हा कधीच नाही म्हणत नाही. तेच जास्त लागतं." ताई तिला म्हणाली, "अगं, नवरा नाही म्हणत नाही याचं कसलं दुःख?" मी काही बोललो नाही. मला कळलं होतं.

शेजारच्या इमारतीतली एक बाई डबे करून द्यायची. दहा पोळ्या, एक भाजी, वरण. घेणारी बहुतेक आपलीच एकटी पोरं. मी सहज कौतुक केलं तर तिचा चेहरा उतरला. "काका, कुणाजवळ बोलू नका हं." मी चक्रावलो. पोळ्या लाटून विकणं हे चोरून करायचं काम! ज्या कायद्यामुळे एका पापभीरू बाईला दहा पोळ्यांसाठी चोरासारखं वागावं लागतं, त्या कायद्यात काहीतरी चुकलंय, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एक जोडपं होतं. तो नवराही संगणकवालाच, पण त्याच्या कंपनीने त्याला इथल्या शाखेतून तिकडच्या शाखेत पाठवलेलं, म्हणून एल-१ व्हिसावर. त्याच्या बायकोचा एल-२. तिला काम करता येत होतं, आणि ती करत होती. एल-२ च्या जोडीदारांना २००२ च्या कायद्याने ती मुभा मिळाली होती. शिक्षण सारखं, जिना सारखा, गाव सारखं. फरक नवऱ्याच्या पासपोर्टवरच्या अक्षरात. मी पस्तीस वर्षं मुलांना 'कारण द्या' असे प्रश्न घातले, पण या फरकाचं कारण मला देता येईना.

आता थोडं पुढे. ओबामांच्या कारकिर्दीत, फेब्रुवारी २०१५ मध्ये, एक नियम जाहीर झाला आणि २६ मे २०१५ पासून लागू झाला. एच-४ वरच्या काही जोडीदारांना कामाचा परवाना मागता येईल. काही म्हणजे कोणाला? ज्यांच्या नवऱ्याच्या (किंवा बायकोच्या) हिरव्या कार्डाच्या अर्जाची एक पायरी, तिला आय-१४० म्हणतात, मंजूर झाली आहे, किंवा त्या रांगेत असल्यामुळे ज्यांना सहा वर्षांच्या पुढे मुदतवाढ मिळाली आहे, त्यांना. पहिल्याच वर्षी १,७९,६०० जण पात्र ठरतील असा तिथल्या सरकारचाच अंदाज होता. २०१७ च्या डिसेंबरपर्यंत ९०,९४६ जणांना पहिल्यांदा परवाना मिळाला. त्यात ९३ टक्के बायका, आणि ९३ टक्के भारतात जन्मलेले. म्हणजे कायदा कुठल्याही देशाचं नाव घेत नसला, तरी हा प्रश्न जवळजवळ आपल्याच लेकीबाळींचा आहे.

आपल्याच का? तर रांग. नोकरीच्या आधारावरची हिरवी कार्डं वर्षाला सुमारे १,४०,००० आणि कुठल्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांच्या वर नाहीत. छोट्या देशाचा माणूस आपल्यापेक्षा कितीतरी लवकर कार्ड घेऊन मोकळा होतो, त्याच्या बायकोचा प्रश्नच संपतो. आपली माणसं एवढी गेली आहेत की रांग वर्षांची नाही, दशकांची झाली. कार्ड येईपर्यंत तात्पुरती सोय म्हणून केलेला एच-४ हा बाईचा कायमचा पत्ता होऊन बसला.

भाचीच्या नवऱ्याचा आय-१४० त्या वर्षाच्या सुरुवातीला मंजूर झाला होता. तिने अर्ज केला. शरद ऋतूत कार्ड हातात आलं. तिचा फोन आला तेव्हा आमच्याकडे पहाटेचे साडेचार. मी घाबरून उचलला. "मामा, कार्ड आलं." एवढंच म्हणाली आणि पुढे बोलेना. पाच वर्षं फळ्यासमोर उभी न राहिलेली बाई. पदव्या तिथल्या मापाने मोजून घ्याव्या लागल्या, उच्चारांची सवय करावी लागली. पहिल्यांदा एका खासगी शाळेत मदतनीस, मग दोन वर्षांनी त्याच शाळेत सहावी-सातवीला गणित. मधल्या पाच वर्षांत काय केलं, असं मुलाखतीत विचारलं होतं म्हणे. तिने सांगितलं, मुलगी वाढवली आणि रविवारी मराठी शाळेत पोरांना 'ळ' म्हणायला शिकवलं. पोरांना 'ळ' शिकवणं हे गणितापेक्षा अवघड आहे, हे मात्र सांगायला हवं होतं.

गोष्ट इथे संपली असती तर मी लिहायलाच बसलो नसतो.

हा परवाना नवऱ्याच्या व्हिसाला टांगलेला. व्हिसाचं नूतनीकरण झालं की बायकोच्या एच-४ चं, ते झालं की परवान्याचं. आणि मुदत संपायच्या सहा महिन्यांहून आधी अर्ज करता येत नाही. मार्च २०१९ पासून एच-४ च्या प्रत्येक अर्जदाराला बोटांचे ठसे द्यायला बोलवायला सुरुवात झाली. वर्षभरात करोना आला, ठसे घेणारी कार्यालयं काही महिने बंद पडली. अर्ज साचले. भाचीचं कार्ड सप्टेंबर २०२० मध्ये संपलं आणि नवीन आलं नाही. शाळेची चूक नव्हती, त्यांना कायद्याने तिला ठेवताच येत नव्हतं. वर्ग तेव्हा संगणकावरच चालत. शुक्रवारी ती शिकवत होती, सोमवारी मुलांना पडद्यावर दुसऱ्याच बाई दिसल्या. निरोपाचा तासही नाही. नवीन कार्ड मार्च २०२१ मध्ये आलं, तोवर जागा भरली होती. ठशांची अट त्यानंतर दोन महिन्यांनी, मे २०२१ मध्ये, स्थगित झाली! आता ती एका शिकवणी वर्गात शिकवते. पगार कमी आहे. ती तक्रार करत नाही, मी करतो.

त्या काळात अशी कित्येकींची गत झाली. मग २०२१ च्या नोव्हेंबरात न्यायालयातल्या एका तडजोडीत एल-२ वाल्यांना वेगळ्या परवान्याची गरजच उरली नाही, आणि एच-४ वाल्यांना अर्ज पडून असला तरी काही अटींवर जुन्या कार्डाची मुदत आपोआप वाढवून मिळू लागली. बरं वाटलं. पण ३० ऑक्टोबर २०२५ पासून पुढे केलेल्या अर्जांना तीही आपोआप वाढ बंद झाली. म्हणजे पुन्हा तारखेकडे डोळे लावून बसणं आलं.

दुसरी बाजू सांगितली नाही तर मी शिक्षक कसला? या नियमाविरुद्ध २०१५ मध्येच 'सेव्ह जॉब्ज यूएसए' नावाच्या संघटनेने दावा लावला. ही कोणी धनदांडग्यांची संघटना नव्हे. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या एका वीज कंपनीतल्या संगणक विभागातली माणसं. बाहेरून आणलेल्या एच-१बी वाल्यांमुळे आपल्या नोकऱ्या गेल्या असं त्यांचं म्हणणं. नोकरी गेलेल्या माणसाचं दुःख खोटं नसतं. गिरणी संपानंतर मुंबईहून परत आलेले बाप मी पालकसभेत बघितले आहेत, ते कोणाकोणाला दोष द्यायचे हेही ऐकलं आहे. पण एक गोष्ट मला पटत नाही. नवऱ्याला बोलवायचं, त्याच्याकडून काम घ्यायचं, कर घ्यायचा, वर्षानुवर्षं राहू द्यायचं, आणि त्याच्याबरोबर आलेल्या माणसाला मात्र सामान समजायचं. एच-१बी ची संख्या कमी करायची तर तो त्यांचा हक्क आहे, खुशाल करावी. पण ज्याला घरात घेतलं त्याला ताटावर बसवून हात बांधू नयेत.

तो दावा दहा वर्षं चालला. मधे २०१७ च्या डिसेंबरात ट्रम्प सरकारने हा नियमच रद्द करायचा मानस जाहीर केला, तो प्रस्ताव जानेवारी २०२१ मध्ये मागे घेतला गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये अपील न्यायालयाने नियम उचलून धरला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. म्हणजे नियम टिकला. पण संसदेचा कायदा नव्हे, सरकारी नियम आहे. एका सरकारने केला, दुसरं मोडू शकतं. या दहा वर्षांत भाचीने घराचं कर्ज किती वर्षांचं घ्यावं, दुसरं मूल होऊ द्यावं का, हे सगळं त्या दाव्याच्या तारखा बघत ठरवलं.

आणि जिचा नवरा चांगला नाही, तिचं काय? घटस्फोट झाला की एच-४ संपला. मारहाण सोसणाऱ्या बायकांना स्वतंत्र कामाचा परवाना द्यायचा, हे तिथल्या कायद्यात २००६ च्या सुरुवातीलाच आलं होतं, पण त्यासाठीचा अर्ज प्रत्यक्षात यायला २०१७ उजाडलं. अकरा वर्षं! आपल्याकडच्या सरकारी कामाला आपण उगाच नावं ठेवतो.

पण आपणही काही साधुसंत नाही. आमच्या कारखान्याच्या परिसरात दिवाळीनंतर ऊसतोडीला बीडकडची माणसं येतात. 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायको मिळून एक. उचल नवऱ्याच्या हातात, हिशेब नवऱ्याच्या नावावर. बाई पहाटेपासून मोळ्या वाहते, पण कागदावर ती अर्धा कोयता. तिकडे बाईला काम नाही, इकडे बाईला कामच काम आहे, पण दोन्हीकडे ती नवऱ्याच्या कागदावर.

सौ. जिल्हा परिषदेच्या शाळेत होती. लग्नानंतर आमची दोन गावं, 'पती-पत्नी एकत्रीकरणा'त बदली मिळायला सव्वादोन वर्षं गेली. तेव्हा ती नोकरी सोडते म्हणाली तर मीच तिला अडवलं होतं! भाचीचं सगळं ऐकल्यावर ती मला म्हणाली, "बायकोला सोडू दिली नाहीत आणि भाचीला सोडायला लावलीत. का हो?" मी म्हणालो, अमेरिका म्हटल्यावर डोळे दिपले. तिने दुसरा प्रश्न विचारला नाही, चहा ठेवायला गेली.

अमेरिकेचा कायदा माझ्याच्याने बदलणार नाही. पण तो कायदा आपल्याकडच्या सोफ्यावर, पोह्यांच्या बशीसमोर, लपून राहतो, तिथे मला बोलता येतं. मुलाकडचे व्हिसा सांगत नाहीत कारण कोणी विचारत नाही. मुलीकडचे विचारत नाहीत, कारण विचारलं तर स्थळ हातचं जाईल. काही सासूबाईंना तर ही सोयच वाटते, सून घरी राहील, प्रश्न मिटला. देशादेशांत फरक आहे हेही लोकांना ठाऊक नसतं. जर्मनीत असा जोडीदार म्हणून गेलेल्या माणसाला काम करता येतं. कॅनडात जानेवारी २०२५ पासून नवऱ्याचं काम कोणत्या श्रेणीतलं आहे त्यावर ठरतं. हे आधी विचारायला काय हरकत आहे? मुलीने राजीनाम्याऐवजी रजा टाकावी, पदव्यांच्या मूळ प्रती आणि गुणपत्रिका बरोबर न्याव्यात, जमलं तर स्वतःच्या नावावर शिकायला जावं. हे मी आता भेटेल त्याला सांगतो. लोकांना मी भांडकुदळ झालोय असं वाटतं.

गेल्या महिन्यात एक पालक आले. मुलगी फार्मसीची, कोल्हापुरात नोकरीला. मुलगा टेक्सासमध्ये. माझ्यासमोरच फोन लावला, मुलाच्या आईशी माझं बोलणं झालं. मी विचारलं, "मुलीला तिथे काम करता येईल का?" त्या म्हणाल्या, "अहो, काम कशाला करायला पाहिजे? आमच्याकडे काही कमी आहे का?" मी म्हटलं, "कमी नसेल हो, पण करता येईल का?" त्यांनी फोन ठेवला. पालक माझ्याकडे असे बघत होते की मी ताटातलं उचलून फेकलं.

दुसऱ्या दिवशी रात्री मुलाचा स्वतःचा फोन आला. मृदू बोलला. म्हणाला, "सर, मी एच-१बी वर आहे. कंपनीने हिरव्या कार्डाचं अजून सुरू केलेलं नाही."

"मग किती वर्षं लागतील?"

"नाही सांगता येत, सर."

"हे मुलीला माहीत आहे?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. "आमचं अजून तसं बोलणंच झालेलं नाही."

मी त्याला मुलीचा नंबर दिला. आधी तिच्या वडिलांना विचारलं होतं, नाहीतर त्यावरून आणखी एक रामायण झालं असतं.